मागचा डावा पाय वगळून

सारंगखेड्याच्या बाजारात आजारी घोडा आजवर कुणी पाहिलेला नाही. दत्तजयंतीला तापीकाठी यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून ट्रक भरभरून घोडे उतरतात. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, नुकरा. आणि त्यांतल्या एकालाही जन्मात साधी सर्दी झालेली नसते. विचारा विक्रेत्याला. एकमुखी दत्ताच्या देवळाकडे हात करून तो सांगेल, 'दादा, याला सुई कशी असते ते ठाऊक नाही.' घोडाही मान हलवतो. माशांमुळे हलवतो, पण गिऱ्हाईक ती साक्ष धरतं.

सारंगखेडा 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं. त्या दिवशी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि घोडेबाजार तिकडच्या वाट्याला गेला. धुळ्याच्या माणसाला ही वाटणी अजून मनातून मान्य नाही आणि जळगावच्या माणसाला ती कळलेलीच नाही. डिसेंबर उजाडला की दोंडाईच्याच्या रस्त्यानं गाड्या निघतात. कुणी घोडा घ्यायला, कुणी कोटीच्या घोड्याबरोबर फोटो काढायला. हा कोटीचा घोडा पेपरात असतो. तो रोज किती लिटर दूध पितो, किती अंडी खातो, हे छापून येतं. कोटी मोजणारा मात्र फोटोत दिसत नाही, कारण मालकाला घोडा विकायचाच नसतो; त्याला फक्त किंमत सांगायची असते.

आपल्याला त्या घोड्याशी कर्तव्य नाही. आपला विषय आहे वरातीच्या घोडीचा, म्हणजे ज्या घोडीच्या पाठीवर लग्नसराईत गावोगावचे नवरदेव बसतात आणि उरलेलं वर्षभर मालकाचं घर बसतं.

ही घोडी घेताना खानदेशी माणूस जी तपासणी करतो ती पाहण्यासारखी असते. आधी जबडा उघडून दात. पुढच्या दातांची झीज पाहून वय सांगणारे जाणकार बाजारात पैशाला पासरी आहेत आणि दोघांचं एक वय कधी येत नाही. मग टाप उचलून खूर. मग मोकळ्या जागेत पळवून चाल. आणि शेवटी, खरी परीक्षा म्हणजे भोवरे. अंगावरच्या केसांचा भोवरा कुठे आहे त्यावर घराण्याचं भवितव्य ठरतं. गळ्यावर देवमणी असला तर घरात लक्ष्मी. डोळ्याखाली भोवरा असला तर मालक जन्मभर रडणार. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला तर पंचकल्याणी, मग भाव वीस हजारांनी वर. गुडघ्याला सूज आहे का, श्वास घरघरतो का, हे पाहायला तोवर अंधार पडतो.

विक्रेताही काही कच्चा नसतो. दात कोरून वय उतरवता येतं, पिकलेल्या केसांना कलप लावता येतो, लंगडणाऱ्या पायाला वेदनाशामक इंजेक्शन दिलं की यात्रा संपेपर्यंत घोडी हरणासारखी पळते. ('सुई ठाऊक नाही' म्हणतात ती हीच घोडी.) इंग्लंडात घोडा घेण्यापूर्वी पशुवैद्याकडून पाच टप्प्यांत तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. त्या वेळी घोड्याचं रक्त काढून सहा महिने जपून ठेवतात. उद्या घोडा लंगडू लागला तर विक्रीच्या दिवशी त्याला गुंगवलं होतं का, हे त्या रक्तावरून कळतं. आपल्याकडे रक्त ठेवत नाहीत. आपल्याकडे विक्रेत्याचा मोबाइल नंबर ठेवतात आणि तो सहा दिवसांत बंद होतो.

असो. घोडी घेतली. आता विमा.

इथे सोयीसाठी एक आप्पा धरू. आडनाव नको, गाव नको. पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात कुठेही राहतात असं समजा. कंपनीचंही नाव नको, कारण ती कुठलीही असू शकते. आप्पांनी दोन लाखांची घोडी घेतली. वरातीत डीजे, फटाके, दारू प्यायलेले मावसभाऊ. घोडी बुजली तर काय घ्या? म्हणून तिसऱ्या वर्षी त्यांना विम्याची बुद्धी झाली.

आपल्याकडे घोडा, तट्टू, खेचर आणि गाढव यांचा विमा सरकारी विमा कंपन्याही उतरवतात. पण तो मुळात मरणाचा विमा. जनावर मेलं तर पैसे. दवाखान्याचं बिल मालकाचं. जगून कायमचं निकामी झालं तर त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. आणि खाली बारीक अक्षरांत अपवाद: मालकानं मुद्दाम केलेली इजा, वाजवीपेक्षा जास्त ओझं, अडाण्याकडून केलेले उपचार, पॉलिसीत सांगितल्यापेक्षा वेगळ्या कामाला जुंपणं. यांतले निम्मे प्रकार खानदेशातल्या एका वरातीत पहिल्या चौकातच उरकतात. आणि या यादीतला मानाचा गणपती म्हणजे, पॉलिसी सुरू होण्यापूर्वी जडलेला आजार.

एजंट घरी आला. मोटारसायकलच्या टाकीवर अर्ज ठेवून त्यानं विचारायला सुरुवात केली.

'आप्पा, घोडीला आधी काही आजार?'

'काहीच नही. वाघीण शे वाघीण.'

'पाय वगैरे?'

'नालबंदनी खिळा उलसा आत ठोकी दिन्हा व्हता. आठ दिन लंगडनी. मंग बरी.'

'कुठला पाय?'

'मांगला डावा.'

एजंटानं लिहून घेतलं. 'पोट कधी दुखलं होतं?'

'पोट तर मन्हंबी दुखस.'

'तुमचं नाही आप्पा, घोडीचं.'

'आखाजीले पोरेस्नी मांडा खावाडात. तवय जराखं फुगनं व्हतं.'

खापरावरचा मांडा ही खानदेशाची शान आहे; घोड्याच्या आतड्यानं ती कधी मान्य केलेली नाही. घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं आणि नाही सरकलं की पोटशूळ उठतो. आप्पांनी त्या रात्री तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर आणले होते, नळी घातली, सलाईन लावलं, पहाटे घोडी उठली. हे सगळं ऐकून एजंटानं पेन थांबवलं आणि आजवर लाखो अर्जांचं वाटोळं केलेलं ते वाक्य उच्चारलं: 'गॅस सगळ्यांनाच होतो आप्पा. ते कशाला लिहायचं?'

मग ओळख पटवण्याचा रकाना आला. गायीचं सोपं आहे, तिच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला असतो आणि 'बिल्ला नाही तर दावा नाही' हे डेअरीवर दूध घालणाऱ्या पोरालाही पाठ असतं. घोड्याच्या देखण्या कानाला भोक पाडायला मालकाचं मन होत नाही. त्याची ओळख रंगावरून, पांढऱ्या पट्ट्यांवरून आणि भोवऱ्यांवरून लिहितात, फोटो जोडतात. मानेत मायक्रोचिप असली तर तिचा नंबर. म्हणजे बाजारात ज्या भोवऱ्यापायी आप्पांनी भाव पाडून घेतला होता, तो डाव्या डोळ्याखालचा भोवरा विमा कंपनीनं पहिल्यांदा गुण म्हणून नोंदवला. ही कंपनीची थोरवी. भोवऱ्यात तिला काहीच वावगं दिसत नाही. तिचं सगळं लक्ष पायावर.

पंधरा दिवसांनी पॉलिसी आली. सोबत पत्र: कायमच्या अपंगत्वाच्या संरक्षणातून घोडीचा मागचा डावा पाय वगळण्यात येत आहे.

आप्पांनी पत्र घोडीला दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांचं घोडीकडे पाहणं बदललं. तीन पाय विम्याचे, एक घरचा. खड्डा दिसला की ते तिला उजव्या अंगानं नेऊ लागले. धुळे-जळगाव महामार्ग ज्यांनी पाहिलाय त्यांना या कसरतीचा अंदाज येईल. मोतद्दार पोराला सक्त ताकीद होती: पडलीच तर उजवीकडे पाड.

हे अगदीच आपलं खानदेशी पाणी आहे असं समजू नका. विलायतेत घोड्याच्या दवाखान्याच्या खर्चाचाही विमा मिळतो, आणि तिथे वगळण्याची कला फार पुढे गेली आहे. एका पायात दोष निघाला की काही पॉलिसींत जोडीचा दुसरा पायही वगळतात, कारण आज हा, उद्या तो. एकदा पोट दुखलं तर पचनसंस्था आख्खी बाहेर. चालू पॉलिसीत झालेल्या आजाराचा खर्च बहुधा बारा महिने देतात आणि मग तो आजारही 'पूर्वीचा' होऊन वगळला जातो. घोडा जितका जुना होत जातो तितका तो विम्यातून वजा होत जातो. वीस वर्षांच्या इंग्रजी घोड्याचं नेमकं काय विम्यात उरतं याचा शोध घेतला तर शेपटीच्या आसपास काहीतरी सापडावं.

आपल्या आप्पांकडे इतकी वाट पाहावी लागली नाही. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली, चार वराती झाल्या आणि एका पहाटे घोडी लोळू लागली. पुन्हा पोट. या वेळी मांडा नव्हता. कोणत्या तरी मांडवात उरलेल्या पंगतीचं काय खाल्लं देव जाणे. डॉक्टर येईपर्यंत कारभार आटोपला.

आप्पांनी सगळं रीतसर केलं. कंपनीला लगेच कळवलं. शवविच्छेदन करून घेतलं. पंचनामा, फोटो, भोवऱ्याचा वेगळा फोटो. तपासनीस आला तेव्हा त्याला चहा दिला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घोडीची सगळी कागदपत्रं काढून दिली. जपून ठेवायची सवय. त्यात आखाजीच्या रात्रीचा केसपेपरही होता. तारीख, शिक्का, निदान: पोटशूळ.

महिन्याभरानं पत्र आलं, इंग्रजीत. त्याचा मथितार्थ असा: घोडीला हा आजार पॉलिसीपूर्वीपासून होता, आपण तो अर्जात लपवला, सबब दावा नामंजूर.

'आहो, ते आखाजीचं पोट वेगळं,' आप्पा शाखेत जाऊन म्हणाले.

'पोट वेगळं कसं आप्पा? घोडीला दोन पोटं होती का?'

यावर आप्पांकडे उत्तर नव्हतं. घोड्याला एकच पोट असतं, चार कप्प्यांची चैन गायीला. कारण वेगळं होतं, मधल्या काळात घोडी ठणठणीत होती, डॉक्टरांनी आरोग्याचा दाखला देऊन मगच तिची किंमत ठरवली होती. पण साहेबांचा मुद्दा शरीरशास्त्राला धरून होता.

आता या व्यवहाराकडे जरा लांबून पाहा. पायाचं खरं सांगितलं, तो पाय वगळला. पोटाचं अर्जात लिहिलं गेलं नाही, तर लपवलं म्हणून सगळी घोडीच वगळली. लिहिलं असतं तर? पोट वगळलं असतं. आणि ज्या शेजाऱ्यानं आपल्या घोडीला डॉक्टर न आणता हिंग-ओवा पाजून रात्र काढली, त्याच्याकडे केसपेपरच नाही. त्याची घोडी कागदोपत्री निष्कलंक. जो जनावराला वेळेवर दवाखान्यात नेतो त्याच्याविरुद्ध पुरावा तयार होतो. जो नेत नाही त्याला स्वच्छ पॉलिसी मिळते. पशुसंवर्धन खातं गावोगाव भिंती रंगवून सांगतं, जनावराला डॉक्टरला दाखवा. विमा कंपनी त्या भिंतीवर काही लिहीत नाही, पण तिचं म्हणणं गावाला आपोआप कळतं.

बाजारात विकताना घोड्याला भूतकाळ नसतो आणि दाव्याच्या वेळी त्याला दुसरं काहीच नसतं. घोडा तोच. मधे फक्त पैशाची दिशा बदलते.

माणसांचं यापेक्षा बरं चाललंय. 2024 साली विमा नियामकानं माणसाच्या आरोग्य विम्यात पूर्वीच्या आजारासाठीचा जास्तीत जास्त प्रतीक्षाकाळ 48 महिन्यांवरून 36 वर आणला, आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालू ठेवली तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही हे सांगितलं नव्हतं' म्हणून दावा नाकारता येणार नाही असं ठरवलं. मधुमेह झालेल्या माणसाला तीन वर्षांत माफी. मांडा खाल्लेल्या घोडीला नाही. तिची पॉलिसी दरवर्षी नवी, तिचं पाप मात्र जुनंच.

सरकारला घोड्याची फिकीर नाही असं कुणी म्हणू नये. 21 फेब्रुवारी 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाला घोडा, गाढव, खेचर आणि उंट एकाच बैठकीत आठवले. राष्ट्रीय पशुधन अभियानात त्यांच्या पैदाशीच्या उद्योगाला 50 टक्के, म्हणजे 50 लाखांपर्यंत भांडवली अनुदान मंजूर झालं, आणि पशुविम्यात मालकाचा हप्त्यातला वाटा 15 टक्क्यांवर आला. बाकीचा केंद्र आणि राज्यानं भरायचा. आठवण अगदीच अवेळी नव्हती. 2019 च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून साडेतीन लाखही भरले नाहीत. सात वर्षांत जवळजवळ निम्मे गायब. हप्ता स्वस्त झाला हे चांगलंच झालं. अपवाद स्वस्त झाले का, हे त्या बैठकीच्या बातमीत नव्हतं. एक रुपयात पीकविमा ही योजना आपण आत्ताच चालवून बंदही करून पाहिली. स्वस्त हप्ता आणि मिळालेला दावा यांच्यात केवढं अंतर असतं ते रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. थंडीनं बाग करपली की नाही, हे तिथे केळीला विचारत नाहीत, हवामान केंद्राला विचारतात.

घोड्याचा विमा या मुलखाला नवा आहे म्हणावं तर तसंही नाही. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. बारगिराचा घोडा सरकारी. शिलेदाराचा घोडा पडला की त्याचं भांडवलच पडलं, त्यामुळे लढाईत तो शत्रूइतकीच घोड्याची काळजी करायचा. पुढे इंग्रजी अमलात पूना हॉर्ससारख्या शिलेदारी रिसाल्यांनी यावर उपाय काढला होता: चंदा फंड. प्रत्येक स्वारानं पगारातून वर्गणी टाकायची आणि कुणाचा घोडा गेला की त्या फंडातून नवा घ्यायला मदत मिळायची. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धतच मोडली आणि फंडही गेला. त्यात प्रस्ताव अर्ज कसा असायचा ते सोडा. पण लपवणार कुणापासून? शेजारच्या खुंट्यावर बांधलेल्या घोड्याचा मालकच वर्गणीदार. कुणाची घोडी कधी लंगडली, कुणी तिला काय खाऊ घातलं, हे आख्ख्या पागेला तोंडपाठ. आज एजंटाला आपली घोडी माहीत नाही, कंपनीला एजंट माहीत नाही आणि आप्पांना कंपनीचं इंग्रजी. परस्परांवरच्या पूर्ण विश्वासावर विम्याचा करार उभा असतो असं कायद्याची पुस्तकं सांगतात. या तिघांचा विश्वास पूर्णच आहे. फक्त तो एकमेकांवर नाही.

आप्पांना सध्या कुणीतरी सांगितलंय की जिल्हा ग्राहक आयोगात जा. जावंच. एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. 2007 साली सर्वोच्च न्यायालयानं एका जवाहिऱ्याच्या चोरीच्या विम्याच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे की, अपवादाचं कलम लागू होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची. विमा घेणाऱ्याची नव्हे. म्हणजे आखाजीचं पोट आणि मार्गशीर्षातलं पोट एकाच आजाराचं होतं, हे कंपनीनं दाखवायचं. केवळ घोडीला पोट एकच होतं एवढ्यावर भागू नये. अर्जातल्या रिकाम्या रकान्याचं उत्तर मात्र आप्पांनाच द्यावं लागेल, कारण खाली सही त्यांची आहे. एजंटाची नाही.

तेव्हा येत्या दत्तजयंतीला घोडा घ्यायला निघालेल्या मंडळींना एवढंच सांगणं. भोवरे जरूर पाहा, पण आपल्या विश्वासातला पशुवैद्य सोबत न्या आणि त्याला आधी पाय पाहू द्या. विमा काढा. अर्जातला पूर्वीच्या आजारांचा रकाना स्वतःच्या हातानं भरा. नालबंदाचा खिळा, पोराचा मांडा, सगळं तारखेसह लिहा, आणि त्याच वेळी बरं झाल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. कंपनीनं काही वगळलं तर ते कायमचं की मुदतीपुरतं, हे लेखी विचारा. मुदत मागितल्याशिवाय कुणी देत नाही. भरलेल्या अर्जाची प्रत तिथल्या तिथे मागून घ्या. आणि एजंट 'ते कशाला लिहायचं' म्हणाला, तर ते वाक्य आधी लिहून घ्या आणि त्याखाली त्याची सही.